म उमटेना, काना उमटेना

प्रश्न : मी घरी लग्नामुंजीच्या पत्रिका टाइप करून देते. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीवर हात बसला आहे. पंधरा दिवसांपूर्वी कीबोर्डवर अर्धा कप चहा सांडला. पालथा घालून दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवला. बाकी सगळं चालतं, पण काना, म आणि पाय मोडायची कळ मेली आहे. दुकानदार म्हणतो, नवा घ्या. दुरुस्त होईल का?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : ताई, फेकू नका. तुमच्या तीन कळा म्हणजे इंग्रजी ई, डी आणि सी. त्यांच्या डोक्यावरचा 3 दाबून पाहा, बहुधा तोही उमटणार नाही. चार कळा एकदम मरत नाहीत. त्यांना जोडणारी एक रेघ गेली आहे.

104 कळांना 104 तारा नसतात. आत प्लास्टिकच्या तीन पातळ शीट असतात. वरच्या नि खालच्या शीटवर चांदीच्या शाईने रेघा छापलेल्या, मधलीला कळेखाली भोक. कळ दाबली की रबराची टोपी दबते आणि त्या भोकातून दोन रेघा टेकतात. पुष्कळ कीबोर्डांत 8 नि 18 रेघांच्या जाळ्यात सगळ्या कळा बसवतात. म्हणून एक रेघ तुटली की अख्खी ओळ जाते.

उन्हाने पाणी उडालं, साखर आतच राहिली. आत ओल असताना कीबोर्ड चालू राहिला, तर चांदीची रेघ काळी पडून तुटते.

यूएसबी काढा, कीबोर्ड पालथा ठेवून स्क्रू काढा. एखादा लेबलखाली असतो. बोट फिरवलं की खळगा लागतो. पालथाच उघडा, रबराच्या टोप्या सुट्या असल्या तर जागच्या हलणार नाहीत. शीटची शेपटी जिथे छोट्या सर्किटवर पट्टीने दाबलेली असते, ती जागा आधी सोडवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसा, घट्ट बसवा. कितीदा तरी माझं काम एवढ्यावरच झालं आहे.

नाही झालं, तर शीट वेगळ्या करा. कडेला चिकटवलेल्या असतील तर ओढू नका, फाटतील. चहाचे डाग आधी डिस्टिल्ड वॉटरच्या ओल्या फडक्याने काढा. लोक थेट अल्कोहोल लावतात, पण त्यात साखर विरघळत नाही. अल्कोहोल नंतर.

आता खिडकीच्या उजेडात भिंग धरा. रेघेवर काळा ठिपका किंवा खाच दिसेल. मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) असेल तर ओहमवर, म्हणजे रोध मोजण्यावर ठेवा, रेघ जोडलेली असली की वाजणाऱ्या बझरवर नको. या रेघांना मुळातच रोध (विजेला अडथळा) असतो, त्यामुळे धड रेघेवरही बझर गप्प राहू शकतो. तुटल्या जागी कंडक्टिव्ह सिल्व्हर पेंट (वीज वाहणारा चांदीचा रंग) टूथपिकच्या टोकाने पातळ लावा. जेल रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. शेजारच्या रेघेला लागू देऊ नका, रात्रभर वाळू द्या. सोल्डरिंगने प्लास्टिक वितळतं. पेन्सिल घासून काम चालतं असं कुणी सांगेल, पण ते फार टिकत नाही.

स्क्रू लावायच्या आधी शीट जागेवर ठेवून यूएसबी जोडा आणि 'आमंत्रण' टाइप करा. तुमच्या तिन्ही कळा त्या एका शब्दात येतात.