ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या (एएफएल) ड्राफ्टसाठी पोरं निवडताना

ड्राफ्टमध्ये क्लब आळीपाळीने नवी पोरं उचलतात; त्याआधीच्या कम्बाइनच्या, म्हणजे शारीरिक चाचण्यांच्या, आकड्यांना भुलू नकोस. 20 मीटर 2.9 सेकंदांच्या आत धावणारा पोरगा सगळ्यांच्याच यादीत असतो. अंगावर टॅकल येत असताना तो कच्च्या (नेहमीच्या नसलेल्या) पायाने कुठे किक मारतो, हे व्हिडिओत बघ. चेंडू हातात येण्याआधी मान वळवून आजूबाजूला पाहतो का? ही सवय अठराव्या वर्षानंतर लावणं फार जड जातं.

जन्मतारीख तपास. जानेवारीतला आणि डिसेंबरातला पोरगा एकाच ड्राफ्टमध्ये येतात. अकरा महिन्यांचा फरक अंगापिंडात दिसतोच.

रकमनला, म्हणजे पंचाने उसळवलेल्या चेंडूसाठी उडी मारणाऱ्या उंच खेळाडूला, वेळ दे. मेलबर्नचा रकमन मॅक्स गॉन 2009 मध्ये 34व्या क्रमांकावर निवडला गेला, ऑल-ऑस्ट्रेलियन (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) संघात पहिल्यांदा आला 2016 मध्ये. मधली वर्षं गुडघ्यांच्या दुखापतींनीही खाल्ली.

नवा मिडफिल्डर आधी हाफ-बॅकला, म्हणजे बचावात, खेळव; तिथे समोरचा खेळ दिसतो, गर्दी कमी असते. नोव्हेंबरात सराव सुरू झाला की धावण्याचं अंतर आठवड्यागणिक बेताने वाढव, नाहीतर पायाच्या किंवा पाठीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर होऊन अख्खा हंगाम बुडतो. वजन हळूहळू वाढू दे. आणि सीनियर संघात बाकावर बसवण्यापेक्षा व्हीएफएलमध्ये (एएफएलच्या खालची लीग) पूर्ण सामना खेळलेला बरा, कोच काहीही म्हणो.