एसटीपीचा वास कोर्टात कसा सिद्ध करायचा?

प्रश्न: आमची पिंपरी-चिंचवडमध्ये मोठी सोसायटी आहे. ताबा मिळून साडेतीन वर्षं झाली. आमचा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट बरोबर एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या, वर येतो. गेले चार महिने रात्री अकरानंतर सडक्या अंड्यांसारखा वास येतो. यजमानांना दमा आहे. कमिटी म्हणते, वीजबिल परवडत नाही म्हणून ब्लोअर रात्री बंद ठेवतो. मी मेंटेनन्स भरणं थांबवू का?

उत्तर: ताई, मेंटेनन्स थांबवू नका. रागाच्या भरात बरेच सभासद हे करतात आणि तक्रारदाराचे थकबाकीदार होऊन बसतात. मग निबंधकांकडून वसुलीचा दाखला येतो आणि वासाचं गाऱ्हाणं बाजूलाच राहतं.

ब्लोअर थांबला की टाकीतल्या मैलापाण्याला हवा मिळत नाही, ते कुजू लागतं आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तुम्हाला येतो तो त्याचाच वास. खरी अडचण पुराव्याची आहे. हवेच्या गुणवत्तेच्या २००९ च्या राष्ट्रीय मानकांत १२ घटक आहेत. त्यात अमोनिया आहे, हायड्रोजन सल्फाइड नाही. त्यामुळे नुसतं ‘वास येतो’ म्हणून केलेली तक्रार ‘आम्हाला तर येत नाही’ या उत्तरावर अडते.

पाण्याचं तसं नाही. एसटीपीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या बीओडीची, म्हणजे पाण्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीच्या मापाची, मर्यादा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात लिहिलेली असते. माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर त्याची प्रत मागवा. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर पर्यावरण मंजुरीतही एसटीपीच्या अटी सापडतील. पाण्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घ्या, एसटीपीचं लॉगबुक पाहायला मिळावं असं कमिटीला लेखी कळवा. आणि ‘ब्लोअर रात्री बंद ठेवतो’ हे सेक्रेटरींचं म्हणणं ईमेलवर मिळवा. माझ्या मते तुमच्या प्रकरणात याहून वजनदार कागद दुसरा नाही. तो मंडळाकडे द्या. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम ३३अ खाली मंडळ सोसायटीला थेट निर्देश देऊ शकतं.

ब्लोअर चालू असतानाही वास येतो का, हे आठवडाभर रोज लिहून ठेवा. येत असेल, किंवा एक्झॉस्टचं तोंडच तुमच्या खिडकीखाली काढलेलं असेल, तर दोष बांधणीचा आहे. रेराच्या, म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्याच्या, कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत दाखवलेला असा दोष बिल्डरने ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. तुमच्याकडे दीड वर्ष आहे.

पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची मुदत मात्र त्याहून फार कमी आहे. त्याच्या स्वतःच्या कायद्याच्या कलम १४ खालचा अर्ज कारण प्रथम घडल्यापासून ६ महिन्यांत करावा लागतो. त्यातले चार गेले. पुढे ६० दिवसांची सवलत सबळ कारण असेल तरच मिळते, तिच्यावर विसंबू नका. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे.

वीजबिलाच्या सबबीबद्दल. १९८० साली रतलामच्या खटल्यात नगरपालिकेने गटारांच्या दुर्गंधीबद्दल ‘पैसे नाहीत’ असं सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. तो खटला नगरपालिकेचा होता, सोसायटीचा नव्हे. पण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख जरूर करा.

यजमानांना तोवर एसटीपीपासून लांबच्या खोलीत झोपू द्या. त्यांच्या तपासण्यांचे आणि औषधांचे कागद तारखेवार जपा. हरित न्यायाधिकरणाकडच्या नुकसानभरपाईच्या अर्जाला, त्याच्या कायद्याच्या कलम १५ खाली, ५ वर्षांची मुदत आहे आणि तिथे हेच कागद लागतील.