सात वर्षांच्या अनुभवानंतर व्यवस्थापनशास्त्र कशासाठी?

प्रश्न : मी यांत्रिकी अभियंता असून भोसरीतील एका मशिन शॉपमध्ये सात वर्षे सुपरवायझर आहे. आता प्रॉडक्शन मॅनेजरच्या जागेसाठी माझा विचार चालू आहे. नोकरी सांभाळून व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा असे वाटते. पण वरिष्ठ म्हणतात, शॉपवर जे कळत नाही ते पुस्तकात काय मिळणार? सध्या सगळी मशिन दोन्ही शिफ्टमध्ये भरून चालवूनही माल वेळेवर जात नाही. आधी तिकडे लक्ष द्यावे, की अभ्यासाकडे?

उत्तर : ही अडचण आणि हा अभ्यास तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी धरल्या आहेत. मला त्या एकच वाटतात, कारण माल का अडकतो याचे बरेचसे उत्तर सिद्धांतातच आहे.

मशिन रिकामे दिसले की त्यावर काम चढवायचे, हे सात वर्षांत तुमच्या अंगवळणी पडले असेल. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील ए. के. एरलांग यांच्या १९०९ च्या शोधनिबंधातून जे रांगेचे शास्त्र उभे राहिले, ते मात्र वेगळेच सांगते. कामे अनियमितपणे येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त असेल, तर त्याच्या सर्वांत साध्या गणिताप्रमाणे ८० टक्के भरलेल्या एका मशिनपाशी सरासरी ४ जॉब असतात, ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना तब्बल १९. म्हणजे शेवटची थोडीशी मोकळीक काढून घेतली की रांग अचानक फुगते. हे डोळ्यांना दिसत नाही. दिसते ते फक्त कामात गुंतलेले मशिन, आणि त्याचे आपल्याला समाधान वाटते.

याच्या जोडीला जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम घ्या. शॉपमध्ये ६०० जॉब पडून असतील आणि रोज ४० बाहेर जात असतील, तर एक जॉब सरासरी १५ दिवस आत राहणार. ओव्हरटाइम वाढवण्याआधी, मुख्य अडथळ्याचे मशिन उपाशी राहणार नाही एवढी काळजी घेऊन, आत सोडायचे काम कमी करता येईल का, हा प्रश्न हे गणित माहीत असलेल्या मॅनेजरलाच सुचतो. सिद्धांताने दृष्टी खोल होते असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

माणसांबाबतच्या निर्णयांतही हेच आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेख मांडला, तो प्रक्रियेतील नेहमीचा चढउतार आणि खरोखर घडलेला बिघाड यांतील फरक ओळखण्यासाठी. तो फरक ज्याला ठाऊक नाही, तो एका दिवसाच्या वाढलेल्या रिजेक्शनवरून ऑपरेटरला बोल लावतो, दुसऱ्या दिवशी आकडा आपोआप उतरला की आपल्या ओरडण्याचा गुण आला असे मानतो, आणि हीच चूक वर्षानुवर्षे अनुभव म्हणून जपतो.

वरिष्ठांचे म्हणणे मी मोडीत काढत नाही. प्रत्येक सूत्रामागे काही गृहीतके असतात आणि ती तुमच्या शॉपला कुठे लागू पडत नाहीत हे तुमच्यासारखा माणूसच सांगू शकतो. कोणते मशिन पावसाळ्यात रुसते, कोणता पुरवठादार महिनाअखेरीला हात वर करतो, हे पुस्तकात नसते. म्हणूनच सात वर्षांनंतर शिकणे मला योग्य वेळी शिकणे वाटते.

अभ्यासक्रम निवडताना उत्पादन व्यवस्थापन, संख्याशास्त्र आणि परिव्यय लेखा (कॉस्ट अकाउंटिंग) हे विषय कितपत सखोल शिकवतात ते आधी पाहा. संस्थेचे नाव त्यानंतर. फी भरण्यापूर्वी एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमावरील उत्पादन व्यवस्थापनाची विनामूल्य व्याख्याने ऐका. त्याच काळात महिनाभर दर शनिवारी शॉपमधील अपूर्ण जॉबची मोजणी करा, रोजचे डिस्पॅच लिहून ठेवा आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्याच्या सरासरीने भागा. येणारे दिवस तुम्ही ग्राहकाला देत असलेल्या मुदतीशेजारी मांडा आणि तो कागद वरिष्ठांनाही दाखवा.