आजोबांची पिशवी आणि पिठलं-भात

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

ठाण्याहून परत आल्यापासून तुझा एकच धोशा चाललाय: आजोबा गेले त्या दिवशी आजीने गॅस का पेटवला नाही? आणि शेजारच्या काकू कुणी न सांगता पिठलं-भात कशा घेऊन आल्या, सरळ बाहेरून का नाही मागवलं? मराठी शाळेत आता जोडाक्षरंसुद्धा धडाधड वाचतेस, म्हणून लिहूनच सांगते. बोलायला गेले की माझा गळा दाटून येतो आणि मुद्दा राहून जातो.

घरातलं माणूस गेलं की अंत्यसंस्कार होईपर्यंत चूल पेटवायची नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. कुणी सुतक म्हणेल, कुणी शास्त्र म्हणेल. मला पटलेलं कारण साधं आहे. त्या दिवशी त्या घरच्या बाईला ओट्यापाशी उभं राहायला लागू नये. पण माणसं स्मशानातून येऊन आंघोळी करतात, तेव्हा भूक लागलेली असतेच. आजीला तर गोळी घ्यायची होती, ती उपाशीपोटी चालत नाही. मग शेजारपाजारचे आणतात. पिठलं-भातच, कारण बेसन आणि तांदूळ कुणाच्याही घरात असतात, बाजार करावा लागत नाही, पाव-अर्ध्या तासात होतं आणि त्यात सणासुदीचं काही नसतं. वरच्या मजल्यावरच्या गुजराती मावशींनी खिचडी-कढी आणली, तीही त्याच हिशोबाने.

आता अण्णांचं, म्हणजे तुझ्या आजोबांचं. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाण्यातली वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत. तिथल्या एका कारखान्यात अण्णा लेथवर होते. पहिली पाळी असली की दुपारी घरी, जेवण, जरा डोळा लागला की संध्याकाळी आम्हाला घेऊन तलावपाळी. कोपिनेश्वराचं दर्शन, भेळ, आणि हट्ट केलाच तर होडी. सुट्टीत गडकरी रंगायतनला बालनाट्य. महिन्याचा पगार आजीच्या हातात द्यायचे आणि त्यातूनच बसभाडं मागून घ्यायचे. पुढे कंपनीला टाळं लागलं, थकलेले पैसे कितीतरी वर्षं मिळाले नाहीत. त्यावर ते फारसं बोलत नसत, मीही लिहीत नाही. एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागले आणि आमची शिक्षणं झाली, एवढं खरं.

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या तीन मजली इमारतीत दाराच्या मागे खिळ्याला एक कापडी पिशवी असायची. त्यात सुतळीचा गुंडा, ब्लेड, काडेपेटी, कापूर, कोरे कागद, बॉलपेन, थोडे सुटे पैसे आणि पुठ्ठ्यावर लिहिलेले फोन नंबर: शववाहिनी, स्मशानभूमी, नेत्रपेढी. आजीला ती पिशवी डोळ्यांसमोर नको असायची. "अहो, निदान गॅलरीत तरी टांगा," म्हणायची. आसपास कुठेही कुणी गेलं की रात्री-अपरात्री अण्णांना बोलावणं यायचं. तिरडी बांधायची, मडकं आणायचं, डॉक्टरांचा दाखला घ्यायचा, कारण त्याशिवाय स्मशानात पुढचं काही होत नाही. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत व्हावी लागते. घरच्यांना ते सुचत नाही, म्हणून पालिकेत खेटे अण्णाच घालायचे. रजा टाकून जायचे, पगार कापला जायचा. त्यावरून घरात कुरबुर व्हायची बरं का, आजी काही संतपत्नी नव्हती.

तू विचारलं होतंस, मामाने पंखा का बंद केला, आपण सगळे घामाने निथळत होतो. तेही अण्णांनीच शिकवलेलं. नेत्रदान करायचं तर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. तोवर पंखा बंद ठेवायचा, कारण वाऱ्याने बुबुळाचा पारदर्शक पडदा सुकतो. पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची. चेहरा मुळीच विद्रूप होत नाही, हे अण्णा शेकडो घरांत समजावून सांगत. लोक बिचकायचे, काही जण चिडायचेसुद्धा. "ऐन दुःखात हे काय काढता?" अण्णा ऐकून घ्यायचे आणि तासाभराने पुन्हा विचारायचे. एका माणसाच्या डोळ्यांनी दोघांना दिसू शकतं, मग विचारायला लाजायचं कशाला, हे त्यांचं म्हणणं. त्यांचे स्वतःचे डोळे अर्थातच दिले.

इमारत पाडून टॉवर झाला, तेव्हा मला वाटलं होतं की आता कोण कुणाला विचारतंय. पण त्या दिवशी लिफ्टमधून पहिला वर आला तो निळ्या शर्टातला दादा, ज्याने तुला पाण्याची बाटली दिली. तो शाळेत असताना त्याचे वडील गेले, तेव्हा सगळं अण्णांनी पाहिलं होतं. त्याने मामाला कशालाही हात लावू दिला नाही. फोन, दाखला, बांबू, सगळं त्याचं त्याने केलं. फक्त खांदा द्यायला मामाला पुढे केलं. मीही स्मशानात गेले. बायकांनी जाऊ नये म्हणणारे दोघे-तिघे तिथे होतेच, पण तो दादाच म्हणाला, "काकांनी ताईला अडवलं नसतं."

तेराव्याच्या मोठ्या पंगती मला मुळीच पटत नाहीत. अण्णांनाही पटत नसत, तसं त्यांनी लिहूनच ठेवलं होतं. घरच्यापुरतं जेवण करून बाकीचे पैसे मराठी ग्रंथ संग्रहालयाला दिले. 1893 सालची संस्था ती, अण्णांचे बहुतेक रविवार तिथेच गेले. आत्या नाराज आहे अजून. असू दे.

एक गंमत मात्र आजीकडूनच ऐक, रविवारी फोन करशील तेव्हा. दिवाळीत आकाशकंदील करायला अण्णा बांबूवाल्याकडे काड्या आणायला गेले होते. त्यांना लांबून पाहूनच त्याने दोन लांब बांबू काढून बाजूला ठेवले आणि विचारलं, "कोण गेलं काका?" पुढचं आजी सांगेल. तिच्यासारखा बांबूवाल्याचा आवाज मला काढता येत नाही.

तुझी,
आई