लेकीचे दोन प्रश्न आणि गणिताचे पंधरा

भाऊ,

ब्रह्मपुरी तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र वाचलं. लेक बारावी सायन्सला, गणित सोडलेलं. रोवणी संपून महिने झाले तरी आईची कंबर का दुखते आणि तुमचा तंबाखू-सुपारीचा खर्रा का सुटत नाही, या दोन्हींवर तिला मेंदूचं संशोधन करायचंय. तुम्हाला ही धरसोड वाटते. नातेवाईक म्हणतात, मेडिकलची ‘नीट’ परीक्षा दे, बाकी सगळं फालतू.

धरसोड मुळीच नाही. आईच्या कंबरेचं घ्या. इजा झाली की मज्जारज्जूतल्या चेतापेशी जास्त हळव्या होतात, हे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांवर दाखवलं. खर्र्यातलं निकोटिन मेंदूतल्या न्यूक्लियस अक्यूम्बन्स या भागात डोपामिन हे रसायन वाढवतं, म्हणून तलफ येते. आता गंमत बघा. २०१२ मध्ये अमेरिकेत आप्कारियन यांच्या गटाने नुकतीच पाठ दुखू लागलेल्या लोकांचे मेंदू वर्षभर एमआरआयने तपासले. ज्यांच्यात मेंदूचा पुढचा भाग आणि हाच न्यूक्लियस अक्यूम्बन्स यांची जुळणी सुरुवातीलाच जास्त होती, त्यांचं दुखणं टिकण्याची शक्यता जास्त निघाली. म्हणजे पोरीचे दोन्ही प्रश्न मेंदूत एकाच ठिकाणी येऊन भेटतात. तिला हे न शिकवता सुचलंय!

‘नीट’ देऊ द्या. एमबीबीएस करूनही संशोधनात येता येतं. पण तेवढंच एक दार नाही. आयसर या सरकारी विज्ञान संस्थांची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट देऊन पुणे किंवा भोपाळला पाच वर्षांचं बीएस-एमएस, म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर एकत्रच, करता येतं. मला खटकलं ते गणित. फॉर्म त्याच्याविना भरता येतो, पण ६० प्रश्नांपैकी १५ गणिताचे असतात आणि मेंदूचे संकेत मोजायला पुढेही ते लागतंच. अकरावीचं पुस्तक आजच आणून द्या. पाटीवर ‘न्यूरोसायन्स’ लिहिलेल्या महागड्या खासगी पदवीच्या नादी मात्र लागू नका.

पोटापाण्याचं म्हणाल, तर पुढे पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. मानेसरचं नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर, बंगळुरूचं निम्हान्स अशा जागा आहेत. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. कायमची नोकरी बहुधा तिशीनंतरच, तीही चुरशीची. तिच्या लग्नाची घाई असेल, तर घरात आत्ताच बोलून घ्या.

फॉर्म नेट कॅफेत भरा, पण मोबाइल नंबर आणि ईमेल तिचाच द्या. दुकानदाराचा दिला, तर सीटचा मेसेज त्यालाच जाईल.