‘डेटा लीकची भरपाई मंजूर, लिंकवर क्लेम करा’ असा एसएमएस पुण्याच्या नंबरवर आलाय. खरा असेल का?

साध्या 10 अंकी नंबरवरून आला असेल तर तिथेच सोडा. आपल्याकडे कंपन्यांचे एसएमएस नोंदणीकृत अक्षरी हेडरवरून, म्हणजे नंबरऐवजी दिसणाऱ्या छोट्या नावावरून येतात. अर्थात हेडर दिसलं म्हणजे मेसेज खरा, असंही नाही.

मुळात भारतीय कंपनीच्या नावाने ‘सेटलमेंट’ असेल तर पाल चुकचुकायलाच हवी. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात दंड 250 कोटींपर्यंत आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो, ग्राहकांत वाटला जात नाही.

अमेरिकेत राहून हिंजवडी-बाणेरला परतलेल्यांचं मात्र वेगळं. तिथे क्लास ॲक्शनमधून, म्हणजे अनेक ग्राहकांच्या वतीने चालवलेल्या एकत्रित खटल्यातून, खरंच पैसे मिळतात. इक्विफॅक्स या क्रेडिट ब्युरोचं डेटा लीकबद्दलचं 2019 चं सेटलमेंट हे त्याचंच उदाहरण. अशा वेळी लिंक न दाबता खटल्याचं नाव नि केस नंबर स्वतः शोधा आणि कोर्टाच्या आदेशात दिलेल्या वेबसाइटवरच क्लेम भरा. क्लेम भरायला फी नसते. ‘प्रोसेसिंगचे 49 रुपये’ मागितले की समजा, डोळा तुमच्या कार्डावर आहे.

पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. टाकून बसला असाल तर आधी 1930 या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन, मग बँक. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. नुसताच मेसेज आला असेल तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरील ‘चक्षू’ या तक्रार सुविधेवर कळवा.