हक्कसोडपत्रातलं ‘ज्याअर्थी’ आणि ‘सबब’

प्रश्न थोडक्यात असा की भावाने शेतजमिनीच्या हक्कसोडपत्राचा ड्राफ्ट पाठवलाय, पहिलं दीड पान नुसतं ज्याअर्थी ज्याअर्थी चाललंय, मग एकदम ‘सबब’ येतं आणि खाली ‘सर्व हक्क व हितसंबंध कायमचे सोडले’. तर सबबच्या आधीचं वाचायचं का, आणि सबब म्हणजे बहाणा ना?

सबब मूळ अरबी, अर्थ कारण. बोलण्यात आपण त्याचं खोटं कारण करून टाकलं, ‘सबबी सांगू नकोस’ वगैरे, पण दस्तात तो अजून ‘त्या कारणाने, म्हणून’ अशाच अर्थाने येतो. ज्याअर्थी म्हणजे इंग्रजी दस्तातलं व्हेअरॲज. त्या भागाला वकील रिसायटल म्हणतात, त्यात जमीन कोणाची, गट नंबर काय, मालक कधी वारले, वारस कोण, सातबाऱ्यावर कोणाची नावं लागली ही सगळी हकीकत. खरा व्यवहार सबबच्या पुढे.

पण म्हणून आधीचं सोडून देऊ नका, उलट तेच दोनदा वाचा! कारण ‘सर्व हक्क’ मधलं सर्व म्हणजे नेमकं किती हे बऱ्याचदा त्या हकीकतीवरूनच ठरतं. इंग्लंडात हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च कोर्ट) 1870 मध्ये एक रेल्वे कंपनीची केस होती, त्यात न्यायाधीश लॉर्ड वेस्टबरी म्हणाले की रिलीजमधले, म्हणजे हक्क सोडण्याच्या दस्तातले, मोघम शब्द हे लिहिताना दोघांच्या मनात जी बाब होती तेवढ्यापुरतेच धरायचे. मग 1886 मध्ये न्यायाधीश लॉर्ड एशर यांनी हिशोबच मांडून दिला: प्रस्तावना (म्हणजे तेच रिसायटल) स्पष्ट आणि पुढचा भाग संदिग्ध असेल तर प्रस्तावना चालेल, पुढचा भाग स्पष्ट असेल तर तो चालेल, आणि दोन्ही स्पष्ट पण एकमेकांशी न जुळणारे असले तरी पुढचाच. आपल्याकडची कोर्टंही साधारण याच वाटेने जातात.

आता तुमच्या ड्राफ्टमध्ये हे लावून बघा. ज्याअर्थीत एकाच गट नंबरचं शेत आहे आणि सबबच्या खाली ‘सदर मिळकतीवरील सर्व हक्क’ आहे, तर सदरने ते तिथेच बांधलं गेलं, गावातलं घर त्यात येत नाही. पण तिथेच कोणी ‘व इतर सर्व स्थावर जंगम मिळकती’ घुसवलं असेल तर ते स्पष्टच झालं, मग प्रस्तावना दाखवून भांडत बसावं लागेल आणि ते जड जाईल. माझ्या मते हे सहा शब्द सहीआधी काढायला लावाच, विशेषतः बहिणींनी, कारण हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे आणि तोच असा एका ओळीत जातो.

अजून एक शब्द, ‘लाभात’. हक्क एकाच भावाच्या लाभात सोडताय का बाकी सगळ्या हिस्सेदारांच्या, हे नावानिशी असूद्या. ‘बिनमोबदला’ असेल तर खरंच पैसे न घेता सोडताय ना तेही बघा, वडिलोपार्जित मिळकत जवळच्या नात्यात अशी सोडली तर स्टँप नाममात्र लागतो, नाहीतर खरेदीखतासारखा. आणि ते ‘अक्कलहुशारीने, नशापाणी न करता’ वाचून हसू येतं खरं, पण 1872 च्या करार कायद्यात शुद्ध मन आणि मुक्त संमती लागते, म्हणून ते येतं. दस्त रजिस्टर मात्र करावाच लागतो, नोटरीच्या शिक्क्यावर जमिनीचा हक्क सुटत नाही.